बिल्बोची वाढ समजून घेताना या चुका टाळा

आमच्या फोंड्याच्या वाचन मंडळात ‘द हॉबिट’ वर्षाआड कुणीतरी निवडतंच. बहुतेक वेळा नववी-दहावीतलं मूल असतं. ते टिपण लिहून आणतं आणि त्यातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: बिल्बो आधी भित्रा होता, नंतर शूर झाला. दुसऱ्या वाक्यापासून गाडी रुतते, कारण या वाक्यात पुस्तकातलं फारसं काही आलेलंच नसतं. टॉल्किन यांचं हे पुस्तक 21 सप्टेंबर 1937 रोजी आलं. मुलांसाठी लिहिलेलं, 19 प्रकरणांचं. त्यात पन्नाशीच्या घरातला बिल्बो बॅगिन्स हा घरबशा हॉबिट (माणसाहून ठेंगण्या, निवांत जातीतला) ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवायला थोरिन आणि त्याच्या 12 ड्वार्फ (ठेंगू, दाढीवाल्या) सोबत्यांबरोबर निघतो. वाटेत तो ज्या तऱ्हेने बदलत जातो, ते सावकाश वाचण्यासारखं आहे. टिपण लिहिताना किंवा मंडळात बोलताना अडत असाल, तर बहुधा पुढच्यापैकी एखादी चूक होत असेल.

सुशेगादपणाला दोष समजू नका

ही चूक सगळ्यात जास्त होते, आणि आपण गोंयकारांनी ती करावी याचं मला खरंच वाईट वाटतं. सुशेगाद म्हणजे आळशी, असं बाहेरचे लोक आपल्याबद्दल बोलतात तेव्हा आपल्याला राग येतो. हा शब्द पोर्तुगीज ‘सोसेगादो’वरून आला. अर्थ शांत, निवांत. सकाळी पोदेराचा हॉर्न ऐकून पाव घेणारा, अकराच्या सुमारास पेज जेवणारा, संध्याकाळी सोप्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करणारा माणूस काही कमी प्रतीचा नसतो. मग बिल्बोची भरलेली कोठी, त्याची दुसरी न्याहारी, चुलीवरची किटली यांना आपण त्याचा कमकुवतपणा का म्हणतो?

पुस्तक तसं म्हणत नाही. हातरुमालसुद्धा न घेता घराबाहेर पडलेला बिल्बो वाटेत पुन्हा पुन्हा आपलं घर आणि गाऊ लागलेली किटली आठवतो. ही आठवण शूर झाल्यावरही थांबत नाही. शिवाय अडचणीत त्याच्या कामी येतं ते घरूनच आणलेलं असतं. बोगद्याच्या अंधारात भेटलेल्या गोलम नावाच्या प्राण्यासमोर तो कोड्यांवर तग धरतो. मिर्कवुडच्या जंगलात कोळ्यांना तो दगड मारतो, कारण लहानपणी त्याला नेमबाजीचा नाद होता. स्मॉग ड्रॅगनशी बोलताना अदब सांभाळून कोड्यात बोलायचं कसबही त्याला तारतं. आणि शेवटी मरणाच्या दारातला थोरिन त्याला म्हणतो, की साठवलेल्या सोन्यापेक्षा अन्न, आनंद आणि गाणी यांची किंमत जास्त लोकांना कळली असती, तर जग अधिक सुखाचं झालं असतं. ड्वार्फांचा राजा हे एका सुशेगाद माणसाकडून शिकून जातो.

याच चुकीचा एक धाकटा भाऊ आहे. बिल्बोची आई टूक घराण्यातली, धाडसी लोकांतली. त्यामुळे ‘आजोळचं रक्त उसळलं आणि बॅगिन्स हरला’ असं लिहून मुलं मोकळी होतात. पहिल्या प्रकरणापुरतं ते चालेल. पुढे मात्र दोन्ही घराणी एकाच माणसात नांदायला शिकतात, आणि वाढ म्हणायची तर तीच.

तलवार शोधत पानं उलटू नका

पेडण्याकडच्या मुलांनी रात्रभर जागून दशावतार पाहिलेला असतो. शेवटी युद्ध होणार, झांजा वाजणार, राक्षस पडणार, हे अंगात भिनलेलं असतं. म्हणून ती बिल्बोच्या हातून ड्रॅगन मरायची वाट पाहतात आणि हिरमुसतात. स्मॉगला मारतो बार्ड नावाचा धनुर्धर. स्मॉगच्या छातीवर डावीकडे एक जागा उघडी आहे हे हेरलं बिल्बोने, पण बाण त्याचा नाही. पाच सैन्यांच्या लढाईत तर त्याच्या डोक्यात धोंडा बसतो आणि तो बेशुद्ध पडतो. लेखकाने हे जाणूनबुजून केलं आहे.

मग पाहायचं कुठे? तो एकटा असतो तिथे. माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा सहाव्या प्रकरणात आहे. बिल्बो गॉब्लिन राक्षसांच्या बोगद्यांतून कसाबसा सुटलाय, अंगावर ऊन पडलंय, घालणाऱ्याला अदृश्य करणारी अंगठी खिशात आहे. सोबती मात्र कुठे दिसत नाहीत. ते अजून आतच असतील तर? तो ठरवतो की आपण परत आत गेलं पाहिजे. मन अगदी रडकुंडीला आलेलं, तरी ठरवतो. तेवढ्यात त्याला आवाज ऐकू येतात आणि सोबती बाहेरच सापडतात. म्हणजे घडत काहीच नाही, म्हणून वाचकाच्या नजरेतून ते निसटतं. पण पहिल्या प्रकरणात ‘परत येऊ की नाही कोण जाणे’ एवढं ऐकून किंचाळत जमिनीवर पडलेला हाच तो माणूस.

दुसरी जागा बाराव्या प्रकरणातली. डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून तो एकटा खाली उतरतोय. पुढून लाल उजेड येतोय आणि एक आवाज: चुलीवर मोठं भांडं खदखदावं तसा, त्यात प्रचंड बोक्याची घुरघुर मिसळलेली. ड्रॅगनचं घोरणंसुद्धा इथे स्वयंपाकघराच्या भाषेत कानावर येतं! तिथे तो थांबतो. आणि मग पुढे पाऊल टाकतो. त्याची खरी लढाई इथेच झाली, हे पुस्तक स्वतःच सांगतं, ड्रॅगन नजरेला पडण्याआधी. टिपणात एकच प्रसंग घ्यायचा असेल तर हा घ्या.

अंगठीला सगळं श्रेय

‘अंगठी मिळाली म्हणून तो बदलला’ हे अर्धवट उत्तर आहे. अदृश्य होऊन सुटता येतं, पण जंगलातल्या एल्फ लोकांच्या कैदेतून 13 ड्वार्फांना सोडवायला पाण्यात सोडायच्या पिंपांत भरताना आपल्याला भरायला कुणी उरत नाही, हे विसरणं काही अंगठीमुळे घडत नाही. बिल्बो खरंच ते विसरला होता.

गोलमला मारायची संधी असूनही दया येऊन तो त्याच्या डोक्यावरून उडी मारतो, हा प्रसंग मात्र जपून वापरा. 1937 च्या मूळ पाठात तो नव्हता. तिथे गोलम कोड्यांत हरल्यावर ती अंगठीच बक्षीस द्यायला तयार असतो, आणि दोघे भांडणाशिवाय वेगळे होतात. टॉल्किन यांनी हे पाचवं प्रकरण बदललं ते 1951 च्या आवृत्तीत. आज दुकानात मिळते ती प्रत बहुधा बदललेल्या पाठाचीच असते. त्यामुळे दयेबद्दल जरूर लिहा, पण ‘1937 साली लेखकाने दाखवलं’ असं त्याला जोडू नका.

चित्रपटांबद्दल थोडक्यात. 2012 ते 2014 मध्ये आलेल्या तीन भागांत बिल्बो थोरिनला वाचवायला ऑर्कवर (गॉब्लिनांसारख्या राक्षसावर) झेप घेतो. पुस्तकात ते नाही.

आर्केनस्टोन: गद्दारी म्हणून मोकळे होऊ नका

मंडळात इथे नेहमी भांडण होतं आणि व्हायलाच हवं. थोरिनला प्राणांहून प्रिय असलेला हिरा बिल्बोला सापडतो. तो गुपचूप खिशात घालतो, पुढे तो हिरा खजिन्यात वाटा मागत डोंगराला वेढा घातलेल्या शत्रूंच्या हाती देतो. मुलं एक तर त्याला दगाबाज ठरवतात, नाहीतर सरळ संत. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. लपवताना त्याच्या मनात चलबिचल होती, तो निर्मळ नव्हता. पण युद्ध टाळण्यासाठी तो हिरा आपला चौदावा हिस्सा म्हणून देतो, आणि नंतर जे करतो ते वाचायचं राहून जातं. एल्फांचा राजा त्याला ‘इथेच थांब’ म्हणतो. तिथे मान होता, सुरक्षितता होती. बिल्बो परत जातो, कारण सोबत्यांना असं सोडणं बरं नाही आणि बोंबुर या ड्वार्फ सोबत्याला मध्यरात्री उठवायचा शब्द दिलाय. दुसऱ्या दिवशी आपलं काय होणार याची त्याला कल्पना असणार. खरोखरच थोरिन त्याला तटावरून फेकायला निघतो.

शेवटचं प्रकरण गाळू नका

लढाई संपली की बरेच जण पुस्तक मिटतात. परतलेल्या बिल्बोला दारात स्वतःच्याच सामानाचा लिलाव चाललेला दिसतो. तो मेला असं ठरवून भाऊबंद घर मोजायला आलेले. घराच्या वाटणीवरून काय काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. आपल्याच खुर्च्या त्याला पैसे देऊन सोडवाव्या लागतात, चांदीचे चमचे परत मिळत नाहीतच, आणि चारचौघांतली अब्रू गेली ती कायमची. पन्नास वर्षं ज्या अब्रूला तो जपत आला, ती गेल्याचं त्याला फारसं काही वाटत नाही. किटली मात्र पुन्हा चुलीवर चढते, आणि तिचा आवाज त्याला पूर्वीपेक्षा गोड लागतो.