घरातली विषं कमी खर्चात कशी कमी करावीत: सुरुवात हळदीपासून

किराण्याच्या यादीत पाचशे रुपये वाढले की ज्या घरात महिनाअखेर ओढाताण होते, त्या घराने ऑरगॅनिक मीठ, केमिकलमुक्त साबण आणि शरीर ‘शुद्ध’ करणारे काढे यांच्या वाटेला जाऊ नये. मीठ खनिज आहे, ते ऑरगॅनिक होत नाही. शरीर शुद्ध करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करतात. हे सगळं महागडं सामान घेऊन घरी आलेली माणसं सुटी हळद घालून जुन्या हिंडालियमच्या (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या) पातेल्यात आमटी उकळतात, ते बघून मला फार वाईट वाटतं. पैसेही गेले आणि विष होतं तिथेच राहिलं.

हात आखडता असेल तर क्रम महत्त्वाचा. एखादी वस्तू बदलायची की नाही हे ठरवताना मी तीनच गोष्टी बघते: ती रोज पोटात किंवा श्वासात जाते का, तिला गरम किंवा आंबट पदार्थ लागतो का, आणि घरात सहा वर्षांखालचं मूल किंवा गरोदर बाई आहे का. या कसोटीवर पहिला नंबर शिशाचा लागतो. त्याला वास नाही आणि पदार्थात मिसळलं की चवीवरून कळत नाही. लहान मुलाच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. रक्तात अमुक इतकं शिसं चालतं अशी सुरक्षित पातळीच माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 मध्ये युनिसेफने जगभरचा अंदाज मांडला, तेव्हा दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असल्याचं दिसलं. ही मुलं सुमारे 80 कोटी, आणि त्यांतली 27 कोटींहून जास्त आपल्या देशातली.

आधी बिनपैशाची कामं

गरम पदार्थ प्लॅस्टिकमध्ये ओतू नका. चहा पन्नीत बांधून आणू नका, घरचा स्टीलचा डबा किंवा थर्मास न्या. कागदी कपालाही आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या 2020 मधल्या अभ्यासात 100 मिलिलिटर गरम पाणी अशा कपात पंधरा मिनिटं ठेवल्यावर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे 25,000 सूक्ष्म कण सापडले.

पोहे-जिलबी वर्तमानपत्रावर घेऊ नका. इंदुरात हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण छापील वर्तमानपत्रात अन्न बांधायला 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे. शाईतली रसायनं तेलकट, गरम पोह्यांत सहज उतरतात. डबा पुढे करा, दुकानदार नाही म्हणत नाही.

भाजी धुवायला बाजारातलं महागडं द्रावण नको. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. फळांसाठी लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा. वरवरचं औषध बरंचसं निघतं. आत मुरलेलं निघत नाही, ते निघतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मोरी साफ करायचं अॅसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

हळद: इथे घाई चालत नाही

सगळ्या कामांत हेच किचकट आहे, आणि इथेच सर्वांत जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

मुळात शिसं हळदीत येतं कसं? हळद काढल्यावर उकडतात, वाळवतात आणि मग पिंपात घोळवून तिची साल घासून काढतात. घोळवण्याच्या या शेवटच्या टप्प्यात काही ठिकाणी लेड क्रोमेट नावाचा, शिसं असलेला पिवळाजर्द रंग टाकतात, म्हणजे काळपट पडलेला, जुना मालही ताजा दिसतो. हा रंग भिंतीच्या आणि गाडीच्या पेंटमध्ये वापरायचा. हळदीत शिशाची कायदेशीर मर्यादा दहा लाखांत 10 भाग इतकी कमी आहे आणि भेसळीचा माल ती कितीतरी पटींनी ओलांडतो. हे थांबवता येतं, बांगलादेशाने ते करून दाखवलं. 2019 मध्ये तिथल्या बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं. घाऊक बाजारात तपासण्या झाल्या, दंड झाले, वर्तमानपत्रांतून लोकांना सांगितलं गेलं, आणि 2021 मध्ये असा एकही नमुना सापडला नाही.

घरच्या घरी करायच्या परीक्षांबद्दल स्पष्ट सांगते. कोमट पाण्यात चमचाभर हळद टाकायची आणि न हलवता ठेवायची: शुद्ध हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग घातलेली असेल तर पाणी गडद होतं. ही परीक्षा जरूर करा, पण ती ढोबळ भेसळ पकडते. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे थोड्या प्रमाणातलं शिसं यात दिसणार नाही. परीक्षेत हळद ‘पास’ झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. साबण लागल्यावर हळद लाल झाली म्हणजे भेसळ, हा आणखी एक सल्ला फिरत असतो. तो साफ चुकीचा आहे. चुना, सोडा, साबण लागला की अस्सल हळद लाल होतेच. आपलं पारंपरिक कुंकू हळद-चुन्यातूनच होतं. आणि अॅसिड आणून परीक्षा करायच्या भानगडीत घरात मुलं असताना तर अजिबात पडू नका.

मग करायचं काय? सुटी हळद पावडर घेणं कायमचं बंद करा आणि पॉलिश न केलेली हळकुंडं आणा. फाल्गुन-चैत्रात नवी हळद बाजारात येते, तेव्हा इंदूरच्या सियागंजात, मसाल्याच्या घाऊक बाजारात जा आणि दुकानदाराला “बिना पॉलिशवाली” असंच सांगा. तो आधी पिवळीधमक, गुळगुळीत हळकुंडं दाखवेल, कारण गिऱ्हाईक तीच मागतं. ती घेऊ नका. तुम्हाला हवं ते हळकुंड दिसायला अगदी साधं असतं: साल करडी-तपकिरी, अंगावर आडवी वळी, मुळं तुटल्याच्या जागी बारीक टोकं, मध्येमध्ये मातीचा अंश. एक हळकुंड तिथेच तोडून बघा. आत गडद केशरी-पिवळा रंग आणि बाहेर मळकी साल, हे बरोबर. बाहेरची साल आतल्या गाभ्यापेक्षा जास्त पिवळी असेल आणि बोटांना पिवळी भुकटी लागत असेल, तर दर कितीही कमी असला तरी पिशवी खाली ठेवा. तुटताना टणक आवाज यायला हवा. वाकत असेल तर ओलसर आहे, घरी आणून बुरशी लागेल.

आता दळणं. हळकुंड दगडासारखं कठीण असतं आणि अख्खं मिक्सरमध्ये टाकलं तर खालचा कपलर तुटतो. नव्या कपलरचा खर्च धरला की सगळी बचत गेली. त्यामुळे हळकुंडं पाण्याने भराभर चोळून धुवा, भिजत मात्र ठेवू नका, आणि दोन-तीन कडक उन्हं द्या. मग जाड फडक्यात गुंडाळून खलबत्त्यात किंवा फरशीवर बत्त्याने ठेचा. तुकडे तुरीच्या डाळीएवढे होईपर्यंत ठेचायचं, तिथे कंटाळा करू नका. तुकड्यांना पुन्हा एक ऊन दिलं की मिक्सरच्या लहान भांड्यात थोडे थोडे दळले जातात. थांबत थांबत फिरवा, भांडं गरम झालं की हळदीचा वास उडतो. मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेलं पुन्हा फिरवा.

दीड-दोन किलोच्या वर असेल तर मसाल्याच्या चक्कीवर न्या, पण तिथे समोर उभं राहा. चक्कीच्या पात्यांत आधीच्या गिऱ्हाइकाची मिरची नाहीतर त्याची रंगवलेली हळद अडकलेली असते. सकाळी पहिला नंबर लावा, आधी मूठभर तांदूळ फिरवून घ्यायला सांगा आणि आपल्या हळदीची पहिली वाटीभर पूड टाकून द्या. “मावशी, एवढी हळद कशाला वाया घालवता?” असं चक्कीवाला म्हणेल. तरी टाकून द्या.

चार माणसांच्या घराला दीड किलो वर्षभर आरामात पुरते. खर्च सुट्या हळदीच्या आसपासच येतो, कष्ट मात्र दोन दिवसांचे. ज्यांना हे जमणारच नाही, हात दुखतात, ऊन येत नाही, त्यांनी अॅगमार्क असलेलं बंद पाकीट घ्यावं. त्यात पाकिटाचे पैसे वाचतील म्हणून पुन्हा सुट्या पोत्याकडे वळू नये.

हाच विचार कुंकवाला आणि काजळाला लावा. फार भडक शेंदरी कुंकू किंवा शेंदूर बाळाच्या कपाळाला लावू नका, त्यात शिशाचा लाल ऑक्साइड असू शकतो. सुरमा तर डोळ्यांजवळ नकोच, तो मुळात शिशाचं खनिज असतो.

भांडी

सगळी एकदम बदलायची गरज नाही. आंबट काय शिजवता तेवढं बघा. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बाहेरून येणाऱ्या काही अॅल्युमिनियम, पितळी आणि हिंडालियमच्या भांड्यांतून अन्नात शिसं उतरू शकतं असा इशारा दिला. भंगार वितळवून केलेल्या भांड्यात काय काय गेलं आहे ते सांगता येत नाही. म्हणून चिंच-गुळाची आमटी, कढी, सार, टोमॅटोची भाजी यांना एक जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात वजनावर मिळतं. स्टील आणि अॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश 2024 मध्ये निघाला आहे, तेव्हा चिन्ह मागून घ्या.

अॅल्युमिनियमचा कुकर टाकायला नको. वरण-भात आपण डब्यांतच लावतो, ते डबे स्टीलचे असले की अन्न कुकरला शिवतच नाही. त्यातच थेट भाजी फोडणीला टाकायची सवय तेवढी सोडा. पोळीला आणि परतायला लोखंडी तवा, लोखंडी कढई. पितळी भांडी कल्हई करून वापरत असाल तर कल्हईला शुद्ध कथीलच वापरायला लावा, आणि तरीही त्यात आंबट ठेवू नका.

वर्षाचा गहू

माळव्यात चैत्र-वैशाखात वर्षाचा गहू भरतात आणि कोठीत टिकावा म्हणून सल्फासच्या गोळ्या टाकतात. याबद्दल माझं मत ठाम आहे: राहत्या घरात ही गोळी आणायचीच नाही. तिच्यातलं अॅल्युमिनियम फॉस्फाइड हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतं. तो हवेपेक्षा जड, खोलीत साचणारा, आणि त्यावर उतारा नाही. झोपलेली माणसं यात गेली आहेत. पुडीत बांधून, फडक्यात गुंडाळून टाकली तरी वायू थांबत नाही. आधीच्या गोळ्या उरल्या असतील तर डबा उघडू नका, पाणी लागू देऊ नका, दुकानात परत द्या. पारदाच्या टिकड्याही नकोत, तो पारा आहे. तांदळाला बोरिक पावडर चोळणंही बंद करा.

गव्हाला कडक ऊन द्या, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. रात्रभर निवू द्या, कारण गरम गहू भरला की कोठीत घाम सुटतो. मग हाताला एरंडेल लावून चोळा, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालून घट्ट झाकणाच्या कोठीत भरा. घर दमट असेल तर वर्षाचा भरूच नका, दोन-तीन महिन्यांचा घ्या. किलोमागे थोडे जास्त गेले तरी चालतील.

डास आणि भिंती

कॉइल सोडून मच्छरदाणी लावा. एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके बारीक धूलिकण निघतात, असं 2003 च्या एका अभ्यासात मोजलं गेलं आहे. बंद खोलीत, उशाशी ती जाळणं तर नकोच. देवघरातली उदबत्ती खिडकी उघडी ठेवून लावा, एकच पुरे.

मल्हारगंजासारख्या जुन्या वस्तीत राहत असाल तर दिवाळीची रंगरंगोटी जपून करा. घरगुती रंगांत शिशाची 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) ही मर्यादा 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटचा भरवसा धरू नका. पोपडे कोरडे खरवडू नका, पाणी मारून ओले करून काढा, फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मुलांना त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा.

मूल भिंतीचे पोपडे किंवा माती तोंडात घालत असेल तर बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून द्यायला सांगा. आकडा डेसिलिटरमागे 3.5 मायक्रोग्रॅम किंवा त्याच्या वर आला तर घरातली हळद, कुंकू, काजळ आणि स्वयंपाकाची भांडी यांची यादी करून डॉक्टरांकडे न्या. लोह आणि कॅल्शियम कमी असलेल्या मुलाच्या अंगात शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून तोवर त्याला डाळ, पालेभाजीवर लिंबू, ताक आणि नाचणी रोज द्या, आणि उपाशीपोटी शाळेत पाठवू नका.