१६ मिमीची प्रिंट घेताना सगळे डबे हुंगा

घरच्या प्रोजेक्टरसाठी कोणते चित्रपट हवेत ते घरीच ठरवून निघा. चोर बाजारात रिळांसमोर उभं राहिलं की हाताला येईल ते घ्यावंसं वाटतं. सुती हातमोजे, टॉर्च, भिंग बरोबर असू द्या.

आता नाक. डबा उघडल्याबरोबर हुंगायचा. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अॅसिटेटची फिल्म कुजायला लागली. ती पुन्हा सुधारत नाही. सुटलेलं आम्लच कुजणं वाढवतं आणि त्याची वाफ शेजारच्या चांगल्या रिळांनाही बाधते. १६ मिमीला मिनिटाला ३६ फूट फिल्म लागते, १६०० फुटांचं रीळ ४४ मिनिटं चालतं. म्हणजे अडीच तासांच्या हिंदी चित्रपटाचे चार डबे. मागच्या खेपेला मी फक्त पहिला डबा हुंगला आणि तिथेच घात झाला. चारही हुंगा. विकणारा ‘सगळे सारखेच आहेत’ म्हणाला तरी चारही.

फिल्म आक्रसली आहे का, हे डोळ्यांना कळत नाही. नव्या फिल्मचा तुकडा सोबत न्या, दोन्हींच्या काठावरचं पहिलं भोक जुळवा आणि शंभरपर्यंत मोजा. शंभराव्या भोकाशी एका भोकाचा फरक पडला तर फिल्म १ टक्का आक्रसली. ती प्रोजेक्टरवर चढवू नका, दाते भोकं फाडतात. अर्ध्या भोकाचा फरक असेल तरी मी घेणार नाही.

जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, मग आभाळ काय नि चेहरे काय, सगळं गुलाबी. नुसती नामावली पाहू नका, रीळ बरंच आत उलगडून हातभर फिल्म पांढऱ्या कागदावर धरा. काठावर ‘एलपीपी’ (LPP) छापलेलं असेल तर रंग टिकाऊ. पहिली खरेदी कृष्णधवलच करा, ही कटकटच नाही.

बोलपटाच्या प्रिंटला एकाच बाजूला भोकं असतात, दुसऱ्या बाजूला आवाजाची पट्टी, म्हणजे साउंडट्रॅक. दोन्हीकडे दाते असलेल्या जुन्या मूकपटाच्या प्रोजेक्टरवर ती लावलीत तर साउंडट्रॅकच फाटेल. चेहरे उभट दिसले तर प्रिंट स्कोपची, म्हणजे रुंद चित्र आडवं दाबून बसवलेली; ते पसरवणारी लेन्स नसेल तर सोडा.

गाणी कापलेली असतात. सेन्सॉर प्रमाणपत्रावरची लांबी बघा. ती ३५ मिमीची असेल तर ०.४ ने गुणा आणि रिळांशी ताडा.

जोड, ओरखडे, भाव: तुमचं तुम्ही बघा. आणलेले डबे महिनाभर बाकीच्यांपासून लांब ठेवा, हवाबंद प्लॅस्टिकमध्ये नको. पावसाळा सरला की पुन्हा हुंगा. चारही.