नाशिकच्या अंगणात भज्यांची मिरची

भज्यांसाठी किंवा नुसती तळून खायला लागते ती मिरची लांब, पोपटी, जाड सालीची आणि जेमतेम तिखट असते. बियाण्याच्या दुकानात ती ‘भावनगरी’ किंवा ‘भज्यांची मिरची’ म्हणून मागा. ही मिरची नाशिकमध्ये उत्तम येते, पण तिची वेळ चुकवायची नाही. रात्रीचं तापमान १५ अंशांखाली गेलं की फलधारणा मंदावते आणि धरलेली फळंही आखूड, वाकडी, बिनबियांची राहतात. इथला डिसेंबर-जानेवारी नेमका तसा असतो, निफाडकडे तर विचारूच नका. म्हणून थंडी पडायच्या आत झाड फळांनी भरलेलं हवं. त्यासाठी बी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात टाका.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. ट्रेमध्ये ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून प्रत्येक कप्प्यात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. ट्रे पावसाच्या माऱ्यात नको, पण उजेडात हवा. आठ ते बारा दिवसांत उगवण होते. दोन पानांची रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडू लागली तर ती मर, म्हणजे बुरशीचा रोग आहे, आणि ती बहुतेक वेळा जास्त पाण्यामुळे येते. वरचा थर सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. पेरतानाच कोकोपीटमध्ये चिमूटभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर धोका कमी होतो. पुढे प्रत्येक कप्प्यात एकच जोमदार रोप ठेवा.

पस्तीस-चाळीस दिवसांत रोप वीतभर होतं. कुंडीत लावायचं तर १५ ते २० लिटरची घ्या, त्याहून लहान नको. आपली काळी माती नुसती भरू नका. ती पावसात चिकट होते, ऊन पडलं की भेगाळते आणि मुळं तुटतात. चार भाग पोयट्याची माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, दोन भाग कोकोपीट, एक भाग भाताचं तूस आणि कुंडीमागे १०० ग्रॅम निंबोळी पेंड असं मिश्रण करा. इगतपुरी-त्र्यंबककडे भात होतो, त्यामुळे तूस सहज मिळतं. जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंचीचा गादीवाफा करा आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवा. लागवड संध्याकाळी करावी, आणि काठी त्याच दिवशी रोवावी. नंतर रोवलेली काठी मुळं चिरत जाते.

खोडाला जिथे पहिला फाटा फुटतो, तिथेच पहिली कळी येते. ती खुडा. हात धजावत नाही, पण तिचं फळ धरलं तर झाड तिथेच अडकतं. खुडल्यावर फांद्या फुटतात. तोवर दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत (आकडे नत्र, स्फुरद, पालाश यांचे) लिटरला दोन ग्रॅम, आणि फुलं लागली की पालाश जास्त असलेलं १३:००:४५ त्याच प्रमाणात. युरियाचा मोह नको, नुसती हिरवीगार पानं होतात, फुलं येत नाहीत.

पाण्याचं सगळ्यात जास्त चुकतं. ऑक्टोबरच्या उन्हात मोठ्या झाडाला रोज लिटर-दीड लिटर लागतं, डिसेंबरात दिवसाआड पुरतं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच द्या. एक दिवस कोरडं, दुसऱ्या दिवशी तुडुंब असं झालं की फळाच्या टोकाला काळपट, चामड्यासारखा डाग पडतो. हा रोग नाही. पाणी अनियमित झाल्यामुळे कॅल्शियम टोकापर्यंत पोहोचत नाही. अंड्याची टरफलं टाकून तो लगेच थांबत नाही, पाणी सुधारा आणि बुडाशी पाचोळा पसरा. पाण्याचा ताण पडलेली मिरची एरवीपेक्षा तिखटही होते.

शेजारी लवंगी लावली म्हणून भज्यांची मिरची तिखट झाली, असं बरेच जण म्हणतात. तसं होत नाही. तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरांमध्ये असतो, आणि त्या आईझाडाच्याच. परागाचा परिणाम फक्त बियांवर होतो, म्हणून अशा झाडाचं बी मात्र पुढच्या वर्षासाठी धरू नका.

पानं गोळा झाली की आधी नीट बघा. कडा वर वळून होडीसारखी झाली तर फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं तर कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात घोटून पानांच्या खालच्या बाजूने फवारा. कोळ्यांसाठी पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. द्राक्षवाल्यांच्या घरी भुरी या बुरशीच्या रोगासाठी ते असतंच. मात्र तेल आणि गंधक यांत किमान दोन आठवडे जाऊ द्या आणि कडक उन्हात फवारू नका, पानं करपतात. शेंडा आखडून झाड खुरटलं, पानं पिवळी पडून वळली, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून टाका.

लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांनी तोडा सुरू होतो. बोटभराहून लांब, तुकतुकीत आणि दाबल्यावर कडक लागणारी मिरची देठासकट कात्रीने कापा. ओढलीत तर ठिसूळ फांदीच हातात येते. दर पाच-सहा दिवसांनी तोडत राहा. लाल होऊ दिली तर जास्त गोड लागते, पण झाड नव्या फुलांना आवरतं घेतं. तळायची असेल तर धुऊन पूर्ण कोरडी पुसा आणि उभी चीर द्या, नाहीतर आतल्या वाफेने ती कढईत फुटते.