जळण विकताना आधी चूल विचारा

सातारा-सांगलीकडं वखारीत गिऱ्हाईक आलं की आपण लगेच "किती किलो?" म्हणतो. त्याआधी "कशात जाळणार?" हे विचारा. तांब्याच्या बंबाची नळी अरुंद असते. तिथं मनगटाहून बारीक, वीतभर तुकडेच लागतात. घरच्या चुलीला हातभर लांबीची फोडलेली लाकडं चालतात. लग्नाच्या आचाऱ्याला मात्र बाभळीचे जाड, दोन फुटी ओंडके द्या. मोठ्या पातेल्याखाली बारीक जळण भराभर संपतं आणि तो बिचारा धगीसमोर सारखा वाकत राहतो. पेटवायला वर थोड्या ढलप्याही द्या.

खरा वाद होतो तो "बारीक म्हणजे केवढं?" यावर. म्हणून दारातच तीन मापांचे नमुने ठेवा आणि गिऱ्हाइकाला हातात घेऊन बघू द्या. फोनवर ऑर्डर आली तर लांबी इंचात विचारून वहीत लिहा.

फोडणावळ वेगळी सांगा. बारीक फोडलेलं लाकूड लवकर वाळून वजनाला घटतं, तेही भाव ठरवताना धरा. ओला माल असेल तर तसं स्पष्ट सांगून विका. धुरानं डोळे चोळणारी बाई पुन्हा तुमच्या वखारीत येणार नाही. पावसाळ्याचं जळण मेमध्येच फोडून, वाळवून झाकून ठेवा.