घरगुती व्यवसायाचा ऑनलाइन बॅकअप: पावसाळ्याआधी या चुका टाळा

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. मी घरूनच छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहिते. पाणी उतरल्यावर मसाले आणि लोणची करणाऱ्या एका काकूंकडे गेले. कॉम्प्युटरचा डबा चिखलानं भरला होता, तरी काकू धीरानं म्हणाल्या, "बॅकअप आहे गं, वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतलाय." ती हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती. खण ओढला, तर आधी पाणीच सांडलं. चार वर्षांची उधारी, घाऊक गिऱ्हाइकांचे दर, बिलं, सगळं त्यात.

प्रत घरातच ठेवणं

काकूंनी बॅकअप नेमानं घेतला होता. चुकली ती जागा. दुसरी प्रत त्याच छताखाली असेल तर पुराला दोन्ही सारख्याच. शेजारच्या गल्लीतल्या भावाकडे ठेवूनही उपयोग नाही, पाणी त्याच्याही घरात येतं. ऑनलाइन बॅकअपचा खरा फायदा हाच, की प्रत आपल्या नदीच्या आवाक्याबाहेर राहते.

जीएसटी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणं बंधनकारक आहे. भरलेली विवरणपत्रं पोर्टलवर मिळतील. पण कोणाकडून किती येणं आहे, कोणाला कोणता दर दिला, हे पोर्टलला माहीत नसतं. ते तुमच्याकडेच असतं.

"पाणी वाढलं की घेऊ"

सांगलीत कृष्णा फूट-फूट चढते, सामान माळ्यावर टाकायला दिवस मिळतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ रोजी तसं झालं नाही. लोक झोपेतून उठले तेव्हा पाणी दारात होतं. त्या घटकेला माणसं आणि म्हातारी-कोतारी वर न्यायची, का फाइल चढवत बसायचं?

आणि फाइल चढत तरी कुठे असते! ४० जीबीचे फोटो आणि डिझाइन १० एमबीपीएसच्या अपलोडनं चढवायला सुमारे ९ तास लागतात. पावसात केबल तुटली आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर २ एमबीपीएस मिळाले, तर जवळजवळ दोन दिवस. म्हणून पहिला मोठा अपलोड मे महिन्यात उरका. पुढे रोजचा बदल तेवढाच जातो, तो काही मिनिटांचा.

चिन्ह चढवलं, हिशेब राहिला

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेस्कटॉपवरचं चिन्ह ओढून गूगल ड्राइव्हमध्ये, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन जागेत टाकतात. फाइल दिसते, नावही टॅलीचंच. पण ती असते जेमतेम २ केबीची: नुसता शॉर्टकट, आत काहीच नाही. तुमच्या ड्राइव्हमधल्या फाइलचा आकार आजच बघा. वर्षभराचा हिशेब २ केबीत मावत नाही.

उलट काही जण टॅलीचं चालू डेटा फोल्डरच ड्राइव्हला जोडतात. काम सुरू असताना तीच फाइल सिंक होऊ लागली, म्हणजे आपोआप ऑनलाइन चढू लागली, की डेटा बिघडू शकतो. त्यापेक्षा संध्याकाळी काम संपलं की टॅलीच्या डेटा मेनूतून बॅकअप घ्या, तारखेच्या नावानं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि ते फोल्डर ड्राइव्हला जोडा.

सिंक म्हणजे बॅकअप समजणं

सिंक केलेल्या फोल्डरमधून चुकून फाइल उडवली, तर ती ड्राइव्हवरूनही उडते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग कायमची गेली. पुरानंतरच्या धावपळीत महिना कधी सरतो कळत नाही. तारखेवार प्रती ठेवल्या तर हा धोका उरत नाही.

जागेकडेही लक्ष ठेवा. फुकटच्या १५ जीबीत जीमेल, फोटो आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही बसतो. तो कोटा भरला की नवीन फाइल चढत नाही, आणि गिऱ्हाइकाची ईमेलही यायची थांबते. लग्नाचे व्हिडिओ दुसऱ्या खात्यावर न्या, किंवा थोडे पैसे भरून जागा वाढवा. धंद्यासाठी एवढा खर्च करायलाच हवा.

कुलपाची किल्ली पाण्यात

बॅकअप सुखरूप, पण फोन वाहून गेला. दुसऱ्या मोबाइलवर लॉगिन करायला गेलात, तर ओटीपी त्याच बुडालेल्या सिमवर! गूगल खात्यात ओटीपीऐवजी चालणारे १० बॅकअप कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून परगावच्या विश्वासू नातेवाइकाकडे ठेवा. उधारीच्या यादीची छापील प्रतही त्यांच्याकडेच असू द्या. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर रायगडात कित्येक गावं बरेच दिवस विजेविना होती. अशा वेळी कागदच वाचता येतो.

भिजलेली डिस्क चालू करून बघणं

ऑनलाइन प्रत नसेल आणि डिस्क भिजलीच, तर तिला वीज देऊ नका. ड्रायर, ऊन, तांदळाचा डबा, काही नको. आतला चिखल वाळला की तबकडीला चिकटून बसतो. ओलसर कापडात गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. खर्च मोठा असतो, आणि सगळं परत मिळेलच असं नाही.

परत उघडून न बघणं

आता काकू दर महिन्याच्या २० तारखेला ३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक विवरणपत्र, भरून झालं की पुण्याच्या भाच्याला फोन करतात आणि एखादा बिल नंबर सांगतात. तो ड्राइव्हवरचा बॅकअप त्याच्या लॅपटॉपवर उतरवतो, टॅलीत रिस्टोअर करतो आणि त्या बिलाचा फोटो पाठवतो. मागच्या वेळी ४० किलो लोणच्याचं बिल निघालं. काकूंनी चष्मा लावून वहीतला आकडा बोटानं धरला, फोटोशी ताडून पाहिला आणि मगच चहा टाकला.