पणजीत मध्यवस्तीत भाड्याने घर घेताय? या चुका टाळा

डिसेंबरातल्या एका दुपारी मी पणजीच्या मळा या भागातले घर पाहिले आणि संध्याकाळी होकार कळवून मोकळी झाले. तळमजला, वर कौले, शिंपल्यांची तावदाने असलेल्या जुन्या खिडक्या. बाजार पायी पंधरा मिनिटांवर, पाटो पूल ओलांडला की कदंबाचे, म्हणजे गोव्याच्या एसटीचे, बसस्टँड. नोकरीसाठी कुडाळहून आलेल्या माणसाला आणखी काय हवे असते? पुढच्या जुलैत एका सकाळी दार उघडले तर रस्त्यावरचे पाणी दुसऱ्या पायरीला लागले होते आणि स्कूटर अर्धी बुडाली होती. शेजारच्या आंटी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, उभ्या होत्या. म्हणाल्या, "पावसांत येवन पळोवपाक जाय आशिल्लें गो." पावसात येऊन बघायला हवे होतेस. त्यानंतर मी या शहरात तीन घरे बदलली आणि ओळखीच्या दहा-बारा जणांना घर शोधायला मदत केली. चुका बहुतेक त्याच त्या होतात. त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: आपण खोल्या बघतो आणि रस्ता बघायचा राहून जातो. सगळीकडे पायी जाता येईल असे राहायचे असेल, तर भाडे खोल्यांपेक्षा रस्त्याचेच भरावे लागते.

कोरड्या दिवसांत घर पाहून ठरवणे

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आम्हा कोकणातल्या माणसांना पाऊस नवा नाही, म्हणूनच मी गाफील राहिले. गावाकडे घराला उंच जोते असते, पाणी उताराने निघून जाते. पणजीचे तसे नाही. या शहराचा मोठा भाग दलदल होता. 1827 ते 1835 या काळात इथे कारभार पाहिलेल्या दों मानुएल द पोर्तुगाल ई काश्त्रु या पोर्तुगीज अधिकाऱ्याने ती भरून, वाळूच्या टेकड्या सपाट करून रस्ते आखले, आणि 1843 मध्ये पणजी राजधानी झाली. भरलेली जमीन सखल ती सखलच राहिली. त्यात मांडवी इथे भरती-ओहोटीची नदी. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, की गटारांतले पाणी नदीत जाऊच शकत नाही, ते रस्त्यावर थांबते. मळ्यात, 18 जून मार्गाच्या काही भागात आणि सांतिनेजच्या नाल्याकाठी हे दर पावसाळ्यात दिसते.

म्हणून घर डिसेंबरात बघत असाल तरी पावसाच्या खुणा शोधा. भिंतीवर खालून दोन-तीन फुटांवर रंगाचा पोपडा निघालेला किंवा ताज्या रंगाचा पट्टा दिसतो का? विजेचे प्लग-पॉइंट जमिनीपासून मुद्दाम वर घेतले आहेत का? शेजाऱ्यांच्या दारात आडव्या फळीसाठी खाचा आहेत का? समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, "गेल्या पावसात पाणी कुठवर आले होते?" घरमालकापेक्षा खरे उत्तर तोच देतो, कारण त्याच्या तांदळाच्या गोण्या तिथे असतात. कौलारू घर असेल तर कौले शेवटची कधी शाकारली आणि यंदा मे महिन्यात ती कोण शाकारणार, हे करारातच लिहून घ्या. जूनमध्ये गळती सुरू झाल्यावर शाकारणारा माणूस मिळत नाही.

आणि घर आधीच घेतले असेल तर? कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, मागून वारा फिरला पाहिजे. इथल्या जुन्या घरांत पावसाळ्यात कपाटात छोटा पिवळा दिवा लावून ठेवतात, त्याच्या उबेने कपडे आणि पुस्तके वाचतात. हल्लीचा एलईडी दिवा फारसा तापत नाही, त्यामुळे तो या कामाचा नाही. जुना दिवा कपड्याला टेकणार नाही, एवढे मात्र बघा. चामड्याच्या चपला, पर्स, पट्टे आठवड्यातून एकदा पुसून वाऱ्यावर ठेवा. खालच्या फळीवर पुस्तके ठेवू नका. माझी दोन खोकी पुस्तके अशीच गेली आणि त्यात आईने दिलेली ज्ञानेश्वरीही होती.

नकाशावरचे अंतर खरे मानणे

नकाशावर आल्तिनो आणि चर्च स्क्वेअर एकमेकांना खेटून दिसतात. प्रत्यक्षात मध्ये टेकडी आहे. आल्तिनोवर हवा छान, झाडी छान, आकाशवाणी केंद्राच्या आसपास शांतता असते, पूर यायचा प्रश्नच नाही. पण बाजारातून दोन पिशव्या घेऊन मे महिन्याच्या दुपारी चढून बघा. घरात वयस्कर आई-वडील असतील, तर मळ्यातून वर जाणाऱ्या पायऱ्या त्यांना रोज झेपणार नाहीत. तरुण एकट्या माणसाला मात्र मी आल्तिनोच सुचवेन.

चालण्याची चाचणी साधी आहे. घर पसंत पडले की त्याच दिवशी तिथून तीन ठिकाणी चालत जा: बाजारात, बसस्टँडवर आणि कामाच्या ठिकाणी. एकदा दुपारी दोन वाजता, एकदा रात्री साडेनऊनंतर. दुपारी सावली कुठे आहे ते कळते आणि दुकाने दुपारची बंद असतात हेही कळते. रात्री कोणत्या गल्लीत दिवा नाही आणि कुठे कुत्र्यांची टोळी बसते ते दिसते. बायकांनी रात्रीची फेरी टाळू नये, सोबत कुणाला तरी घेऊन करावी. नदीकाठच्या दयानंद बांदोडकर मार्गाजवळ घर असेल तर ही फेरी शनिवारी रात्री करा. मांडवीतल्या कॅसिनोंकडे जाणाऱ्या गाड्यांनी तो रस्ता तेव्हा भरून जातो आणि हॉर्न मध्यरात्रीनंतरही थांबत नाहीत.

गाडी घेऊन येणे

फोंताईन्हास आणि साव तोमे या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्त्यांतल्या गल्ल्या चारचाकीसाठी बांधलेल्याच नाहीत. घराला स्वतःची जागा नसेल तर रोज संध्याकाळी अर्धा तास फिरून गाडी भलतीकडे लावावी लागते आणि मग मध्यवस्तीत राहण्याचा फायदा उरत नाही. माझा सल्ला आहे की पहिले सहा महिने गाडी गावाला ठेवा. मडगाव, म्हापसा, वास्कोला कदंबाच्या शटल बसेस आहेत. तिकीट आधी खिडकीवर काढायचे, मग रांगेत उभे राहायचे. घाईच्या वेळी पायलट, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलचा चालक, मागे बसवून नेतो. भाडे बसण्याआधी ठरवा. ट्रेनसाठी जवळचे स्टेशन करमळी, ते शहरात नाही, दहा-बारा किलोमीटरवर आहे. पहाटेची गाडी असेल तर आदल्या दिवशीच रिक्षा किंवा टॅक्सी सांगून ठेवा. मोठ्या शहरांतल्यासारखी ॲपवर पाच मिनिटांत टॅक्सी येईल, असे धरून चालू नका.

कागद कच्चे ठेवणे

इथे महाराष्ट्रातून येणारे सगळ्यांत जास्त गोंधळतात. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. तो कायदा गोव्यात लागू नाही. इथे 1968 चा वेगळा कायदा आहे. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून 11 महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर करून नोटरीकडे नेण्याची पद्धत आहे. त्यात वावगे काही नाही, पण मग करारातला शब्द न् शब्द महत्त्वाचा ठरतो. भाडेकरू घर सोडणार नाही, या भीतीने इथली कितीतरी जुनी घरे कुलूपबंद आहेत. मालक तुमच्याकडे संशयाने बघत असेल तर त्यामागे हा इतिहास आहे. चिडू नका, ओळखीच्या माणसाचे नाव सांगा. गोव्यात ओळखीने अर्धे काम होते.

जुन्या घराच्या बाबतीत सर्वांत आधी विचारायचा प्रश्न: घर कुणाच्या नावावर आहे? पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यामुळे गोव्यात घरावर सहसा नवरा-बायको दोघांचा हक्क असतो, आणि मालक वारला की सगळ्या मुला-मुलींचा. एक भाऊ पणजीत, एक बहीण लिस्बनमध्ये, एक मुंबईत, असे घर अगदी नेहमीचे. माझ्या एका मैत्रिणीने धाकट्या भावाशी करार केला, चार महिन्यांनी मोठा भाऊ आखाती देशातून परतला आणि त्याने घर मागितले. तिला महिनाभरात बाहेर पडावे लागले. म्हणून सर्व वारसांची सही घ्या किंवा सही करणाऱ्याकडे बाकीच्यांचे मुखत्यारपत्र आहे का ते बघा. हे मागताना संकोच वाटतो, पण सभ्य मालकाला राग येत नाही.

मालकाने हंगामात घर रिकामे मागू नये यासाठीही करारात कलम हवे. काही जण पावसाळ्यात घर स्वस्तात देतात आणि ऑक्टोबर उजाडला की "पाहुणे येणार" म्हणतात, म्हणजे घर पर्यटकांना द्यायचे असते. त्यामुळे 11 महिने सलग, मध्ये सोडायला सांगितल्यास किती दिवसांची नोटीस आणि अनामत कधी परत, हे आकड्यांत लिहून घ्या. पर्यटकांना घर द्यायचे तर मालकाला पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. वरच्या मजल्यावर असा व्यवहार चालतो का, हेही विचारा. दर तीन दिवसांनी नवे लोक आणि रात्री दोन वाजता जिन्यावर ओढल्या जाणाऱ्या बॅगा, यांत झोप होत नाही.

पोलिस पडताळणीचा भाडेकरूचा फॉर्म भरलाच पाहिजे. मालक "नंतर बघू" म्हणाला तरी तुम्ही पाठपुरावा करा आणि पोचेची प्रत जपा. घरभाड्याची करसवलत घेणार असाल आणि वर्षाचे भाडे एक लाखावर जात असेल, तर मालकाचा पॅन लागतो. तो द्यायला तयार आहे का, ते सही करण्याआधी विचारा.

ताबा घेताना भिंती, नळ, पंखे आणि वीज-पाण्याच्या मीटरवरचे आकडे मालकाच्या समोर मोबाइलवर टिपा आणि त्यालाही तिथेच पाठवा. आधीच्या भाडेकरूची थकलेली बिले नव्याच्या गळ्यात पडतात. मीटर घरगुती आहे की व्यापारी, तेही बिलावर लिहिलेले असते. व्यापारी असेल तर वीज बरीच महाग पडते.

"पाणी चोवीस तास आहे" यावर विश्वास ठेवणे

पणजीला पाणी फोंड्याकडच्या ओपा प्रकल्पातून येते. ऑगस्ट 2019 मध्ये खांडेपारजवळ जलवाहिनी फुटली तेव्हा शहर कित्येक दिवस कोरडे होते. भर पावसात लोक टँकरमागे धावत होते. म्हणून नळ उघडून समाधान मानू नका. जमिनीखालची टाकी आहे का, पंप कुणाच्या मीटरवर चालतो, वरची टाकी किती बिऱ्हाडांत वाटलेली आहे, हे विचारा. विहीर असेल तर ती सोन्याची समजा, फक्त पावसाळ्यात तिचे पाणी प्यायला वापरू नका. सांडपाणी शहराच्या मलवाहिनीला जोडलेले आहे की मागच्या शोषखड्ड्यात जाते, हा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण विचारा. जुलैत शोषखड्डा भरला की दुर्गंधी थेट न्हाणीत येते.

शेजार आणि सण गृहीत धरणे

कचऱ्याचे वर्गीकरण पणजी महानगरपालिका गांभीर्याने घेते. सुक्या कचऱ्याचे वार पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

गोंगाटाचे म्हणाल तर वर्षाचा हिशेब आधी कळलेला बरा. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे असतात, संगीत पहाटेपर्यंत. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव, 8 डिसेंबरला चर्चचे फेस्त म्हणजे वार्षिक उत्सव, मग मळ्यातल्या मारुतीगडाची जत्रा, कार्निव्हल, शिगमो म्हणजे इथला शिमगा. लहान बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर मिरवणुकीच्या मार्गावर घर घेऊ नका. नसेल तर हीच वस्तीत मिसळण्याची संधी आहे. माझी इथली पहिली खरी ओळख जत्रेत खाजे वाटताना झाली. उलट चतुर्थीला शहर रिकामे होते, लोक मूळ गावी जातात, दुकाने बंद असतात. त्या आठवड्याचा शिधा आधी भरून ठेवा.

फोंताईन्हासमध्ये घर घेणाऱ्यांनी एक मनाशी पक्के करावे: तुमच्या दारासमोर रोज फोटो काढले जातील. लोक पायरीवर बसतात, खिडकीतून आत डोकावतात. रस्त्याला लागून असलेली खोली झोपायला ठेवू नका. मागच्या अंगाला खिडकी असलेले घर मिळाले तरच घ्या.

आणि हे सगळे करूनही भाडे आवाक्यात बसत नसेल तर दूर ताळगावच्या टोकाला जाण्याआधी नदीपलीकडे बेतीला बघा. पणजी-बेती फेरीबोटीत पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पाच-सात मिनिटांत माणूस पणजीच्या धक्क्यावर उतरतो आणि तिथून बाजार, कचेऱ्या सगळे चालत. शेवटची बोट किती वाजता, ते मात्र धक्क्यावरच विचारा, आणि रात्रपाळी असेल तर बेतीचा विचार सोडा.