दातांना तारा लावताय? मग या चुका टाळा

वेडेवाकडे दात असले की घरात प्रत्येकजण डॉक्टर होतो. आजी म्हणते वरचा दात काढला की डोळे अधू होतात, काका म्हणतात आता या वयात कशाला, आणि आई म्हणते सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू.

आईचं ऐकून थांबणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. मूल सात वर्षांचं झालं की एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाला, दाखवून घ्या. दाखवलं म्हणजे लगेच तारा लागणार असं नाही, बहुतेक मुलांना नुसतं "वर्षाने या" सांगतात. पण वरचा जबडा अरुंद असेल किंवा खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येत असतील तर ते सुधारणं हाडं वाढत असतानाच सोपं पडतं, नंतर काही केसेसमध्ये थेट जबड्याच्या ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते. याच्या उलट, आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या समोरच्या दोन दातांत फट दिसली की काही पालक घाबरून लगेच तारा लावा म्हणतात. ती फट बऱ्याचदा सुळे आले की, म्हणजे अकरा-बारा वर्षांपर्यंत, आपोआप भरून येते.

आणि किडलेली दुधाची दाढ "पडणारच आहे ना" म्हणून काढून टाकायची आणि विसरायचं, हेही नको. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, मधेच काढली की मागची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही, मग तो कुठूनही वाकडा उगवतो. काढायलाच लागली तर स्पेस मेंटेनर (ती जागा मोकळी धरून ठेवणारी पट्टी) बसवायचा का, ते तिथल्या तिथे विचारा.

आता आजींचे डोळे. दाताची नस वेगळी आणि नजरेची नस वेगळी, दात काढून नजर जात नाही. गर्दी फार असेल किंवा दात फार पुढे असतील तर सहसा सुळ्यामागची छोटी दाढ काढतात आणि ती जागा दात मागे घेऊन भरून काढतात, खड्डा राहत नाही. सगळ्यांनाच दात काढावे लागतात असंही नाही. काकांना सांगा, चाळिशीतही दात सरकतात, फक्त हिरड्या आणि हाड आधी धड हवं.

दात सरकतो कसा, तर ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड तयार होतं. हा वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर, म्हणून दीड-दोन वर्षं लागतात. "डॉक्टर, जरा जोरात आवळा ना, लग्न आहे" म्हणून काही होत नाही, जास्त जोर लावला तर दाताचं मूळ झिजू शकतं. व्हिडिओ बघून फट बुजवायला घरीच रबरबँड घालणारे तर हात जोडून थांबवावेसे वाटतात, तो रबर हळूच हिरडीखाली सरकतो, हाड खातो आणि चांगले दात हलायला लागतात, कधी काढावेही लागतात.

तारा लागल्यावरच्या चुका ठरलेल्या. चिक्की, ऊस, आख्खं कणीस खाऊन ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा) निघतो आणि ट्रीटमेंट लांबते (पेरू खा की, पण फोडी करून). डॉक्टरांनी वरच्या-खालच्या तारांना अडकवायला दिलेले रबर कॉलेजात लाज वाटते म्हणून काढून ठेवले तर रात्रीचं काम दिवसा वाया जातं. अलाइनरचंही (तारांऐवजी घालायचे पारदर्शक, काढता येणारे साचे) तेच, दिवसाला वीस-बावीस तास तोंडात हवेत, डबीत नाही. तारा काढल्यावर पांढरे डाग दिसले की लोक तारेला नावं ठेवतात, खरं तर ते ब्रॅकेटभोवती साचलेल्या घाणीचे असतात, ब्रश नीट न केल्याचे.

आणि तारा निघाली, पेढे वाटले, संपलं असं समजू नका. नव्या जागी हाड घट्ट व्हायला वेळ लागतो आणि हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागेकडे ओढत राहतात, म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारी काढता येणारी पट्टी, हवाच, आधी पूर्णवेळ आणि मग रात्री, किती वर्षं ते डॉक्टर सांगतील. हॉटेलात जेवताना तो टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नका, वेटर खरकट्याबरोबर उचलून नेतो, हे इतक्यांदा होतं की विचारू नका. गरम पाण्याने धुतला तर वाकडा होतो. हरवला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच आठवड्यात नवा करून घ्या.